इंग्रजीचा चौथा पाठ

१९८९ च्या हिवाळ्यात एका रविवारी रत्नागिरीतल्या दूरशिक्षण केंद्रात इंग्रजीच्या चौथ्या पाठाची कॅसेट लावली, तेव्हा तिच्यातून केंद्राच्या उद्घाटनाचं भाषण ऐकू आलं.

ऐकायला एकच विद्यार्थिनी होती, नाटे गावाहून पहाटेच्या एस.टी.ने आलेली बालवाडीची शिक्षिका. इंग्रजीत पास झाली तरच तिची नोकरी टिकणार होती. परीक्षा पुढच्याच रविवारी होती. मी वर्तमानपत्रासाठी बातमी घ्यायला गेलो होतो.

"आता शिक्षणासाठी कुणाला गाव सोडावं लागणार नाही," कॅसेटमधले पाहुणे म्हणाले. टाळ्या झाल्या. हेच वाक्य मी महिन्यापूर्वी मथळ्यात घेतलं होतं.

"सर, परीक्षेत हे भाषण विचारणार काय?" तिने केंद्रप्रमुखांना विचारलं.

ते हसले. "कोरी कॅसेट नव्हती हो बाई. पाहुणे तर बोलायला उभे राहिलेले. पाठ काय, पुस्तकातपण आहे."

"पुस्तक खंय हाय?"

"येईल की."

केंद्र कसं चालवावं याचं आठ दिवसांचं प्रशिक्षण त्यांनी घेतलं होतं. प्रमाणपत्र भिंतीवर टांगलेलं होतं.

मी कॅसेट काढून पाहिली. पाठ पुसला जाऊ नये म्हणून तिच्या कडेची प्लास्टिकची पट्टी आधीच मोडलेली होती. तिथे पडलेल्या खाचेवर, पुन्हा रेकॉर्ड करता यावं म्हणून, चिकटपट्टी लावली होती, तीही कात्रीने नीट कापून. त्या नीटनेटकेपणाची मला किळस आली.

पुढच्या रविवारी तिने परीक्षा दिली. पुस्तकांचं पार्सल त्यानंतर नवव्या दिवशी एस.टी. स्टँडवर उतरलं.