भट्टीशेजारचं रोस्टर

पंचवटीतल्या आमच्या दुकानात दिवसाची पहिली आग भट्टीची. हा नियम घोटीहून आमच्याबरोबर आला. तिकडे आमची चुरमुऱ्यांची भट्टी होती, इथे फुटाणे-शेंगदाण्यांची आहे. माझे वडील सावळीराम, म्हणजे आबा, सकाळी भट्टीपुढे कापूर लावतात, बर्नर पेटवतात, वाळू तापत घालतात. तोवर दुकानात कोणी चहासुद्धा ठेवायचा नाही. देव एखादे वेळी ऐकून घेतो म्हणे, आमची भट्टी नाही ऐकत.

अशा या भट्टीशेजारी तृप्तीवहिनीने कॉफी भाजायचं छोटं रोस्टर आणून ठेवलं. गॅसवर चालणारं, पोटात फिरता ड्रम, कोणीतरी वापरून कंटाळून विकलेलं. आबांनी त्याच्याभोवती एक चक्कर मारली.

"एवढुसा ड्रम? याच्यात भाजलेले फुटाणे एका सत्यनारायणालाबी पुरायचे नाय."

वहिनी नाशिक रोडची. तिचे वडील नोटांच्या छापखान्यात होते. एक नोट दुसरीसारखी नसेल तर ती नोटच नव्हे, हे तिने लहानपणापासून ऐकलेलं. तिच्या पोळ्या एकावर एक ठेवल्या की कडा जुळतात. "वहिनी, यांच्यावर नंबर कुठे छापलाय?" असं मी विचारतो आणि ती लाटणं दाखवते. लग्नाआधी कॉलेज रोडच्या एका कॅफेत ती काउंटर सांभाळायची. कॉफीचा नाद तिथला.

आमचा धंदा नेमका उलटा. प्रत्येक घाणा वेगळा उतरतो. एखादा जास्त भाजला, एखादा कमी, तर आबा दोन्ही एकत्र करतात आणि गिऱ्हाईक खूश होऊन जातं. कॉफीत असं चालत नाही, हे वहिनीला धनराजने शिकवलं. धनराज गंगापूर रोडला कॅफे काढत होता. वहिनीचा पहिला नमुना पिऊन तो "वा!" म्हणत खुर्चीतून उठलाच. दुसऱ्याला म्हणाला, "ताई, ही गवतासारखी लागते." तिसऱ्याला म्हणाला, "हा कोळसा आहे." मग म्हणाला, "पहिल्यासारखी परत एकदा करून दाखवा. जमलं तर कायम तुमचीच घेईन. नाहीतर बाहेरून मागवतो."

आबांनी हे ऐकलं. "नाय जमलं तर ते मशीन उचल. दिवाळी आलीय, तिथं चिवड्याची कढई बसवू."

"बसवा," वहिनी म्हणाली. "पण आधी मला एकदा नीट भाजू द्या."

सगळा दोष तिने रोस्टरच्या गॅसच्या कॉकला दिला. तो होताच तसा. जरा सोडला की ज्योत भडकायची, जरा मागे घेतला की विझायला यायची. मग सटाण्याकडचा भिकन फिटर आला. कॉक उघडून म्हणाला, "हाई काय शे वहिनी? शेगडीचा कॉक लावलाय कोणीतरी!" त्याने बारीक आट्यांचा व्हॉल्व्ह बसवला, खूप फिरवावं तेव्हा आच जराशी हलणार असा. शेजारी प्रेशर दाखवणारं काट्याचं गेज लावलं. ड्रममध्ये तापमान मोजायची कांडी घातली. सगळ्या जोडांना साबणाचा फेस लावून बुडबुडे येतात का ते पाहिलं. माझ्याकडून चहा मागवून निघून गेला.

दुपारी, भट्टी बंद असताना, वहिनीने भाजलेली कॉफी अगदी पहिल्यासारखी उतरली. दुसऱ्या सकाळी तोच काटा, त्याच बिया, आणि पुन्हा कोळसा.

"भिकनला बोलावू?" मी विचारलं.

"नको. आज मी इथून हलणार नाही. गिऱ्हाईक तुम्ही बघा, भाऊजी."

ती गेजसमोर उभी राहिली. कोणाशी बोलेना, चहा घेईना. आबांनी नवा घाणा टाकला, भट्टीचा मोठा बर्नर पूर्ण सोडला आणि वहिनीच्या गेजचा काटा खाली उतरला. तिची ज्योत बारीक झाली. तेवढ्यात आबांचा हात सवयीने तिच्या व्हॉल्व्हकडे गेला.

"आबा!"

आबा दचकले. "काय झालं?"

"तुम्ही याला हात लावता?"

"रोज लावतो. तू पाठ फिरवलीस का तुझी आच मरती. कच्चा माल गेला तर नाव कोणाचं जाईल? पाटीवर सावळीराम लिवलंय."

वहिनीने दोन्ही नळ्या सिलिंडरपर्यंत तपासत नेल्या. दोन्ही बर्नर एकाच सिलिंडरवर, एकाच रेग्युलेटरवर होते. आबांनी भट्टी वाढवली की हिची आच पडायची. आबा मायेने हिची वाढवायचे, आणि घाणा उतरवताना आपली कमी केली की वाढवलेली आच आणखी उसळायची.

"मला वेगळा सिलिंडर लागेल," ती म्हणाली.

आता मात्र आबा खाली बसले. "म्हंजे चूल वेगळी? सगळी गल्ली म्हणंल, सावळीरामाच्या सुनंनं चूल वेगळी केली."

गॅसचं गणित सोपं होतं, हे अवघड होतं. वहिनीने भट्टीखाली काडी धरली, पेटलेली काडी तशीच आणून रोस्टरच्या तोंडाशी नेली.

"गॅस वेगळा, आबा. आग तुमच्या भट्टीचीच. रोज अशीच घेईन, तुमची पेटल्यावर. पण व्हॉल्व्हला हात लावायचा नाही."

आग वहिनीच्या बोटाशी आली तेव्हा आबा म्हणाले, "विझव, भाजंल. बोलव त्या भिकनला."

धनराजसाठी भाजायच्या सकाळी भट्टी आधी पेटली, मग तिच्यावर पेटवलेल्या काडीने नव्या सिलिंडरवरचं रोस्टर. आबांनी मोठा बर्नर सोडला. आम्ही सगळे काट्याकडे बघत होतो. काटा जागचा हलला नाही. आबांचे हात मात्र हलत होते, म्हणून त्यांनी ते पाठीमागे बांधले आणि बिया तडतडेपर्यंत तसेच उभे राहिले.

धनराज दुकानातच आला. पहिला घोट घेऊन त्याने डोळे मिटले, दुसरा घेऊन कप खाली ठेवला.

"हीच. आता प्रत्येक वेळी हीच पाहिजे, ताई."

"हीच मिळेल."

तो गेल्यावर आबांनी एक भाजलेली बी फुटाण्यासारखी दाढेखाली फोडली आणि तोंड कडू केलं.

"लय वाईट हाय," ते म्हणाले. "पण पहिल्यासारखीच वाईट हाय." मग माझ्याकडे वळले. "बघत काय बसलास? चिवड्याची कढई दारापाशी लाव. इथं जागा नाय."