वीस माळा, मग कूस

सासूबाईंचं खुब्याचं हाड मोडलं तेव्हा मी पन्नाशीला टेकले होते, आणि आपल्याइतकी भक्तीण अख्ख्या नंदुरबारात नाही, असा माझा ठाम समज होता. ऑपरेशन झालं आणि मी खाटेशेजारी माळ घेऊन बसले. श्रावणात कानबाई देवीचा चौरंग एकदा मांडला की विसर्जनापर्यंत हलवायचा नाही, ही आमच्या घरची रीत. ती मी शहाणीनं थेट सासूबाईंना लावली! नर्स कूस बदलायला आली की मी आडवी यायचे. "दुखेल त्यांना, राहू द्या." सासूबाई कण्हायच्या, "मी काय चौरंगवरनी कानबाई शे का वं? हालाव माले!" मी आपली जप वाढवायचे.

तिसऱ्या दिवशी नर्सनं मला न जुमानता त्यांना कुशीवर केलं. माकडहाडावर लाल डाग. बोटानं दाबला तरी लाली हटेना. "आता कातडी फाटली तर जखम हाडापर्यंत जाईल, मावशी." माझ्या हातातली माळ गळून पडली. आई, एवढं नाव घेतलं तुझं, आणि हे? रुसले तेही देवीवरच, स्वतःला सोडून.

शेजारच्या खाटेवर तोरणमाळकडची एक बाई आपल्या लुळ्या पडलेल्या बापाला सांभाळत होती. तिनं माळ उचलून दिली नि मोडक्या मराठीत म्हणाली, "भाकर उलटते ना तू? मग हिला एकाच बाजूनं का ठेवते?" तिच्या बापाची पाठ इतके दिवस खाट सोसूनही स्वच्छ होती. तिनं आणि नर्सनं मिळून मला शिकवलं. गुडघ्यांमध्ये उशी, टाचा अधांतरी, चादरीला सुरकुती नको, अंग ओलं राहायला नको, लाल जागा चोळायची तर मुळीच नाही. आणि दर दोन तासांनी कूस. तेवढ्या वेळात माझ्या वीस माळा होतात. तेच माझं घड्याळ. सासूबाई वैतागायच्या, "तुन्ही कानबाई माले झोपू देत नही!"

चार दिवसांत डाग मावळला. आनंदानं सांगायला वळले, तर शेजारची खाट रिकामी. बापाला घेऊन ती सकाळीच गेली होती. मी नावही विचारलं नव्हतं.

श्रावणात सासूबाई वॉकर ठोकत कानबाईपुढे उभ्या राहिल्या, पाठीवर ओरखडासुद्धा नाही! देवीवर सोडणं म्हणजे हात जोडून बसणं, असं मला वाटायचं. आईनं त्याच हातांना कामाला लावलं.

कानबाईच्या प्रसादाचे रोट आम्ही भाऊबंदांबाहेर देत नाही. मी मात्र दरवर्षी एक त्या बाईचा काढते. नाव ठाऊक नाही, म्हणून देवीला "घरचीच आहे" एवढंच सांगते. देवीनं अजून तक्रार केलेली नाही.