न लिहिलेली कावीळ

येडशीच्या डॉ. सरवदेबाईंकडे कोणी "अशक्तपणा आलाय, सलाईन लावा" असे म्हटले, की त्या उठून माठातले पाणी घेत, त्यात चिमूटभर मीठ आणि दोन चमचे साखर ढवळत आणि पेला पुढे करत. "ही घ्या सलाईन. तोंडानं." रुग्ण बहुधा नाराज होई. सुई टोचली नाही तर औषध लागू पडत नाही, अशी आमच्या भागाची श्रद्धा आहे. बाई ती श्रद्धा तीस वर्षे मोडत आल्या होत्या आणि तरीही त्यांच्या दवाखान्याच्या ओसरीवर बसायला जागा मिळत नसे.

मी त्यांच्याकडे गेलो, तेव्हा दुसरीकडे सलाईनच्या तीन बाटल्या घेऊन झाल्या होत्या. छातीत धडधडे, म्हणून हृदयाचा आलेखही काढला होता. तो निर्दोष आला होता. मीही अशक्तपणाच सांगितला. नेहमीचा पेला माझ्या हाती आला आणि निम्मे पाणी माझ्या सदऱ्यावर सांडले. बाईंनी माझ्या हाताकडे पाहिले, मग ओसरीकडचे दार लोटून घेतले.

"सर, वर्गात जाताना पाय कुठं अडतो?"

हा प्रश्न मला आजवर कोणी विचारला नव्हता. उंबऱ्यावर, मी म्हणालो. मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतो. फळ्याकडे तोंड असेपर्यंत निभत असे. वळून मुलांकडे पाहायचे म्हटले की जीव गोळा होई. पहाटे जाग आली की आजचा दिवस नको, एवढा एकच विचार मनात असे. हे मी पत्नीलाही सांगितले नव्हते. बाईंना सांगायला अर्धा तास लागला, आणि त्या अर्ध्या तासात त्यांनी एकदाही घड्याळाकडे पाहिले नाही.

"ह्याला नैराश्य म्हणत्यात. संगट चिंतेचा आजार बी हाय," त्या म्हणाल्या. "आता तुम्ही नाव घ्या."

मी सदऱ्यावरचे पाणी झटकू लागलो. बाई हसल्या. "नवऱ्याचं नाव घेताना बायका लाजत्यात. तुम्ही रोगाचं घेताना लाजायलाय व्हय?"

शिक्षण पूर्ण करून त्या परतल्या, त्याला कितीतरी वर्षे झाली होती. जिभेवरची आपल्या माकणी गावची बोली मात्र त्यांनी कधी पुसली नाही. एकदा त्यांनी मला सोलापूरच्या मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवले. पुढची देखरेख स्वतःकडे ठेवली. गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे लागतील, मनाने बंद करायच्या नाहीत आणि रोज सकाळी रामलिंगच्या देवळाच्या वाटेने चालायचे, असे बजावले. "तिथली वानरं बघा. त्यांना बी भ्या वाटतं. पर ती लाजत न्हाईत." शिवाय महिन्याभराची रजा घ्यायला सांगून प्रमाणपत्र लिहून दिले. त्यावर आजाराचे नाव स्वच्छ अक्षरात होते. मी त्या कागदाच्या चार घड्या घालून तो खिशात ठेवला.

आमचे मुख्याध्यापक ढवळे सर सज्जन गृहस्थ होते. त्यांनी कागद वाचला, दार बंद केले आणि हळू आवाजात मला कावीळ लिहून आणायला सांगितले. शिक्षकी पेशात कावीळ ही सर्वांत प्रतिष्ठित व्याधी आहे. तिला महिन्याची रजा सहज मिळते, भेटायला येणारे उंबऱ्याबाहेरूनच परततात आणि पालक उसाचा रस पाठवतात. ढवळे सरांना स्वतःला ती तीनदा झाली होती, त्यामुळे ते अधिकाराने बोलत होते. "हा कागद पुढे गेला, तर उद्या पालक म्हणतील, वेड्या मास्तराच्या हाती मुलं कशी द्यायची? मग वर्ग हातचा जाईल," ते म्हणाले. त्यात खोटे काहीच नव्हते. मला त्या वर्गाची भीती वाटत होती, हे खरे. पण वर्गाशिवाय माझ्यापाशी दुसरे होते तरी काय?

मी तसाच बाईंकडे गेलो. एक शब्द बदला, एवढेच म्हणालो. त्यांनी माझ्या डोळ्याची पापणी खाली ओढून पाहिली.

"पांढरेफेक हायत. ही कावीळ सुचवली कुणी?"

मी ढवळे सरांचे नाव सांगितले. बाईंनी पेनाला टोपण लावले आणि काही क्षण त्या नुसत्याच बसून राहिल्या. मग म्हणाल्या, "तुमचा रोग मी कुणाला सांगणार न्हाय. ते काम तुमचं. पर खोटं बी लिहिणार न्हाय. कावीळ लिहिली, तर महिनाभर उसाचा रस पीत बसाल आन् आतली लाज तेवढी वाढंल."

मला संताप आला. तुमचे काय जाते, नोकरी माझी जाईल, असे मी ओरडलोच. ओसरीवरची कुजबुज थांबली. बाईंनी मात्र समाधानाने मान हलवली.

"राग आला? लई बरं झालं. इतक्या दिसांत तुमचा आवाज आजच ऐकला."

दुसऱ्या दिवशी मी तोच कागद, चार घड्यांसह, ढवळे सरांच्या टेबलावर ठेवला आणि हाच पुढे पाठवा म्हणालो. त्यांनी शिक्का मारला. मारताना मान वर केली नाही. मला वाटले, ते रागावले आहेत.

महिन्याने मी रुजू झालो, तेव्हा व्हायचे तेच झाले, बातमी फुटली. शाळा समितीचे एक सदस्य चौकशीला थेट बाईंकडे गेले. बाईंनी त्यांनाही मीठ-साखरेचे पाणी पाजले आणि सांगितले, की पेशंटचे मी काही बोलत नाही. तुम्हीच वर्गात मागच्या बाकावर जाऊन बसा आणि शिकवणे चुकले तर मला कळवा. ते खरोखरच येऊन बसले. मी पचनसंस्था शिकवत होतो. फळ्याकडून वळलो आणि मुलांकडे पाहत तास पूर्ण केला. पुन्हा ते आले नाहीत. वर्ग माझ्याकडेच राहिला.

गेल्या वर्षी बाई गेल्या. दवाखान्याच्या ओसरीवरच शोकसभा झाली. सगळे त्यांच्या हातगुणाविषयी, त्या पेल्याविषयी बोलले, हसले, डोळे पुसले. त्यांनी आपला कोणता आजार बरा केला, हे मात्र कोणी सांगेना. सभेत बोलणे मला कधी जमलेले नाही. मी कागदावर चार ओळी लिहून नेल्या होत्या, त्या वाचल्या: मला नैराश्य आहे, बाईंनी त्यावर उपचार केले, आणि त्याचे नाव घ्यायला त्यांनीच मला शिकवले.

तेवढ्यात निवृत्त झालेले ढवळे सर काठी टेकत उभे राहिले. "मला नोकरीत तीनदा कावीळ झाली," ते म्हणाले. "एकदाही पिवळा झालो नव्हतो. बाईंनी तिन्ही वेळा लिहून दिलं नाही, म्हणून कागद दुसरीकडून आणला. गोळ्या मात्र बाईंच्याच होत्या." एवढे बोलून ते माझ्या शेजारी येऊन बसले.

टोपण लावून गप्प बसलेल्या बाई मला तेव्हा कळल्या. त्याच खोलीत, त्याच खुर्चीवर, तोच शब्द त्यांनी आधी तीनदा नाकारला होता, आणि त्यांच्या तोंडून मला ते कधी कळले नसते.

माझ्या गोळ्या अजून सुरू आहेत. मागच्या महिन्यात पुन्हा चार दिवसांची रजा लागली. अर्जातल्या आजाराच्या रकान्यात मी तो शब्द स्वच्छ अक्षरात लिहिला, शाई वाळू दिली आणि कागद घडी न घालता, सगळ्यांच्या समोरून, कार्यालयात नेऊन दिला.