रेतीतली वाडी

माझ्या मामाचं शेत कुठल्याही नकाशात नव्हतं. कौंडण्यपूरच्या वरच्या अंगाला, दिवाळीनंतर वर्धेचं पाणी ओसरलं की पात्रात रेती उघडी पडायची. तीत तो डांगरांची, म्हणजे खरबुजांची, वाडी लावायचा. ओल लागेपर्यंत रेतीत चर खणायचे, तळाशी शेणखत घालायचं, बी टोचायचं, वाऱ्याला आडवा तुराट्यांचा कूड घालायचा. पावसाळ्यात शेत नदीला परत. त्याच्या बापानंही हेच केलं होतं.

मग रेतीघाटाचा लिलाव झाला. पोकलेन पात्रात उतरली आणि गावात टिप्पर आले. मामाचा मोठा मुलगाही त्यातल्याच एका टिप्परवर ड्रायव्हर म्हणून लागला. दोन-तीन वर्षांत अलीकडच्या काठाला रेती उरली नाही, खाली पिवळी माती दिसू लागली.

मी अमरावतीहून गेलो की मामा म्हणायचा, "भाचेबुवा, तुमच्या पुस्तकात पाहा बरं, रेती पेरली तं उगवते काय?"

मी हसायचो. तो मात्र हसत नसे.

गेल्या दिवाळीनंतर पलीकडच्या काठाला एक पट्टा शिल्लक होता. मामी म्हणाली, "जाऊ द्या ना आता, एवढ्याशा रेतीत काय होते?"

"लावतोच. मी नाही लावली तं थे घाटवाले म्हनतीन, नदी रिकामीच हाये."

दुसऱ्या दिवशी सकाळी शेणखताची टोपली डोक्यावर घेऊन तो नेहमीच्या उतारानं पाण्यात शिरला. हातात काठी नव्हती. नदीतली माणसं काठी घेत नाहीत. रेतीचा तळ हळूहळू खोल होतो आणि पायाला आधी सांगतो. आदल्या दिवशी तिथं यंत्रानं खड्डा केला होता, त्याला कड होती, उतार नव्हता. मामाला पोहता येत होतं. पण कड त्याच्या अंगावर ढासळली.

पंचनाम्यात पाय घसरल्याचं आलं. कुणी हरकत घेतली नाही. गावात बहुतेक घरांतलं कुणी ना कुणी घाटावर कामाला होतं. आमच्याही.

दहाव्याला पिंड ठेवायला नदीकाठी सपाट जागा सापडेना. शेवटी टिप्परच्या रस्त्याच्या कडेला ठेवले. परतल्यावर मामी ओसरीवर बसली आणि मोठ्या मुलाला म्हणाली, "थो पट्टा यंदा कोन लावन?"

तो म्हणाला, "माय, एक टिप्पर रेती आनून टाकतो आंगनात. इथंच लाव डांगरं."

"कोनत्या घाटची?"

आठवड्याभरात त्यानं रेती आणून टाकली. तोवर पलीकडचा पट्टाही खणून झाला होता.

मामीनं त्या ढिगाला हात लावला नाही. उन्हाळ्यात शेजाऱ्यांनी प्लास्टरसाठी घमेली भरभरून नेली. तिनं कुणाला नाही म्हटलं नाही. नंतर अंगण झाडून घेतलं.