आग्रह न करण्याचा धडा

सावंतवाडीच्या बाजारात एका दुकानाच्या माडीवर मी जर्मन शिकवतो. वर्गात नऊजणी, सगळ्या नर्स, सगळ्यांना तिकडच्या इस्पितळांत नोकरी हवी. मी स्वतः जर्मनीला कधी गेलेलो नाही. त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. मात्र प्रत्येक धड्यात "तिकडे असं असतं" हे मी इतक्या खात्रीने सांगत आलो की पुढे पुढे माझाही त्यावर विश्वास बसला.

तोंडी परीक्षेआधी वर्गात एकत्र जेवायचं ठरलं. एकमेकींना वाढायचं, घेता का विचारायचं, सगळं जर्मनमध्ये. मी नियम घातला, "तिकडे कुणी नको म्हटलं की पुन्हा विचारत नाहीत. आग्रह म्हणजे उद्धटपणा. आज आग्रह बंद."

घावणे आले, काळ्या वाटाण्यांची उसळ आली, बांगड्याचं तिखलं आलं. नांदगावची मुलगी तेवढी रिकाम्या हाताने आली. रात्रपाळी संपवून तिने थेट बस धरली होती. आता, काही न आणलेलं माणूस पहिल्यांदा नको म्हणणारच, आणि त्याला तीनदा विचारायचं असतं, हे आमच्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही. मलाही नाही.

शेजारणीने तिला घावणे घेतेस का विचारलं. ती शुद्ध जर्मनमध्ये म्हणाली, "नको, धन्यवाद." भांडं पुढे गेलं. उसळीला पुन्हा तेच. तिखलं आलं तेव्हा तिने भांड्याकडे पाहिलं आणि मग पाण्याची बाटली तोंडाला लावली.

वर्गातली सगळ्यांत थोरली, मालवणची ख्रिस्ती बाई. तिखलं तिनेच केलेलं. तिला राहवेना. "घे गो बाय, वायच तरी घे!"

"आग्रह नको," मी म्हणालो. "आणि मालवणी तर नकोच."

"सर, जर्मनी अजून लांब आसा. हय चेडवाक उपाशी ठेवूचा काय?"

सगळ्या हसल्या. मीही हसलो, पण नियम मागे घेतला नाही. एकदा हा ढिला सोडला की माझं बाकीचं "तिकडे असं असतं"ही कुणी ऐकणार नाही, अशी मला भीती वाटली. मलाही प्रत्येक वेळी एकदाच विचारलं गेलं आणि प्रत्येक वेळी मी लगेच हो म्हटलं. पाच घावणे खाल्ले.

जेवणानंतर सराव. प्रत्येकीने जेवणाविषयी चार वाक्यं बोलायची. नांदगावच्या मुलीची पाळी आली. ती उभी राहिली. जेवण फार चविष्ट होतं, मासा मला विशेष आवडला, माझं पोट भरलं, मी आपली आभारी आहे. एकही चूक नाही. वर्गात कुणी वर पाहीना. मी "उत्तम" म्हणालो. दुसरं काही म्हणायला मला त्याही वेळी जमलं असतं.

निघताना थोरलीने आपला डबा त्या मुलीच्या पिशवीत कोंबला आणि माझ्याकडे वळली. "सर, मी तिका इचारूकच नाय. मगे आग्रह खंय केलंय?"

मी मान हलवली. ती कौतुकाने हलवली असं तिला वाटावं, अशी माझी इच्छा होती.

सगळ्या गेल्यावर जिन्यात डब्याचं झाकण उघडल्याचा आवाज आला. मुलगी बसथांब्यापर्यंतही थांबू शकली नव्हती. मला खाली जायचं होतं, घरी वाट पाहत होते. पण ती खाऊन उठेपर्यंत मी वरच बसून राहिलो. समोरून गेलो असतो तर तोंडातला घास तसाच ठेवून ती म्हणाली असती, "सर, तुमीय वायच घेवा." आणि मी नको म्हटलं असतं, तरी तिने पुन्हा विचारलं असतं.