गणपतीमागचा पलंग

आमच्या वाडीतले काशीरामदादा गोताड तीस वर्षं मुंबईत फर्निचरच्या कारखान्यात होते आणि कमलावहिनी इथे घर सांभाळत होत्या. निवृत्त होऊन आल्यापासून दादांना घरात एकाच कामाची वस्तू खपेना. बाकाच्या पोटात त्यांनी तांदूळ भरले. तेव्हापासून बाकावरचा माणूस उठेपर्यंत वहिनींचा भात चुलीवर चढत नाही.

पण दादांचा खरा तोरा भिंतीतल्या पलंगाचा. खाली पाडला की पाहुण्यांची झोपायची सोय, उभा केला की त्याची पाठ म्हणजे गणपतीचं नक्षीदार मखर. अख्ख्या वाडीला त्यांनी तो पाडून-उभारून दाखवला.

चतुर्थीला सकाळी गणपती मखरात बसले आणि दुपारी मुंबईहून अकरा पाहुणे उतरले. आता विसर्जनापर्यंत पलंग पाडणार कोण? पाहुणे पडवीत ओळीने निजले, दादा तांदळाच्या बाकावर.

दुसऱ्या दिवशी पाठ चोळत दादा वैतागले, "या लोकांना एरवी कधी यायला होत नाही का गं?"

वहिनी नारळ खवता खवता म्हणाल्या, "तीस वर्षं तुम्ही तरी एरवी कधी आलात?"