शेवळांची जागा

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही — आणि त्याला तर मी रिक्षावाल्याशी झालेलं भांडणसुद्धा तिखटमीठ लावून सांगते.

तुम्ही मला पाहिलं असेल कदाचित. खांदा कॉलनीतल्या आपल्या ओट्यावर रानभाज्या रांधून रील टाकते, ती मीच. 'किती साध्या आहात हो ताई,' असं लोक लिहितात. खोटं कशाला बोलू — दिवसातून दहा वेळा वाचते मी ते.

हे सगळं सुरू झालं शेवळांपासून. पावसाच्या तोंडावर डोंगरात जमिनीतून कोंब येतात, तीन-चार आठवडेच. ते मला आणून द्यायची सोमीबाई, नेऱ्याच्या वरच्या आदिवासी वाडीतली. घसा खाजू नये म्हणून सोबत मूठभर काकडं, म्हणजे शेवळांच्या भाजीत घालायची आंबट रानफळं, न मागता. जागा फक्त तिला आणि तिच्या जावेला ठाऊक. कोंब खुडायचा, खालचा कांदा मातीतच ठेवायचा, म्हणजे पुढच्या वर्षी परत येतं. ती एरवी राबायची ती वीटभट्टी पावसात बंद असते. तेव्हा घरात तांदूळ असायचा तो या विक्रीतला.

मी हट्ट धरला म्हणून तिने मला तिथे नेलं. "ताय, कुनाला दावू नको हां," एवढंच म्हणाली. मी मान डोलावली. मोबाईल हातात होताच — तिला वाटलं, फोटो काढतेय.

रील तुफान चाललं. जागा कुठली, सगळे विचारू लागले. मी गप्प होते, खरंच होते. मग कुणीतरी लिहिलं, 'बाजारातून आणून मातीत खोचलीत.' बस, एवढंच! न पाहिलेल्या माणसाचा टोमणा मला इतका का लागावा? मी ओढ्यापासूनचं एकेक वळण लिहिलं आणि ती कमेंट पिन करून सगळ्यांत वर ठेवली.

रविवारी गाड्या गेल्या. लोकांनी कुंडीत लावायला कांदेच उपटून नेले. पुढच्या वर्षी तिथे नुसते खड्डे होते.

सोमीबाई दारात आली ती रिकामी टोपली घेऊन. "ताय, तू कुनाला सांगलं नाय ना?"

नाही म्हणाले मी. तेवढ्यावर थांबले असते तर — पण ती माझ्याकडे बघतच राहिली. आणि मला ते सोसवेना. म्हणून म्हणाले, "तुझ्या जावेला विचार. बाजारात फार बोलते ती."

का म्हणाले? घाबरले होते. तिला नव्हे — आपण तशा साध्या नाही, हे तिला कळेल याला.

तिने माझ्यावर विश्वास ठेवला. दोघी एका चुलीवर जेवायच्या, ती चूल वेगळी झाली. जाऊ पोरं घेऊन माहेरी गेली, ती परतली नाही. सोमीबाई आता नवीन पनवेलला बांधकामावर घमेली उचलते. हे तिनेच सांगितलं, माझ्याच पायरीवर बसून, माझाच चहा पीत. "माझीच मानसं अशी निघाली, ताय," म्हणाली. मी तिला बिस्किटं दिली.

यंदाही आली होती. "शेवळां नाय, पन तुला काकडां आनली." मी घेतली.

रील अजून आहे. ती कमेंटही, सगळ्यांत वर. काढायला एक क्षण लागतो, मला ठाऊक आहे. काल सकाळी त्याखाली कुणीतरी धन्यवाद लिहिलं, आणि मी त्याला हात जोडलेलं चित्र पाठवलं.